फजितीची कुळकथा

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली बोलणारे लोक अब्रू जाण्याला ‘फेधेहा’ म्हणतात. हा शब्द आणि आपली फजिती ही सख्खी भावंडं आहेत, हे लक्षात आलं तेव्हापासून मला या शब्दाचा नादच लागला. दोघांची आई एकच : अरबी ‘फदीहा’. तिच्या मूळ धातूचा अर्थ उघड करणे, झाकलेलं उघड्यावर आणणे. आजही अरबीत वॉटरगेटसारख्या प्रकरणाला हाच शब्द लावतात. एक भावंड आफ्रिकेत गेलं, दुसरं दख्खनला आलं. आणि कोण कुठल्या वाटेने गेलं हे एका अक्षरावरून ओळखता येतं.

ते अक्षर म्हणजे अरबीतलं ‘दाद’. जीभ दाबून केलेला हा जाड उच्चार अरबांच्या इतका खास मालकीचा, की ते आपल्या भाषेला ‘दादची भाषा’ म्हणवतात. इराणी जिभेवर मात्र त्याचा ‘झ’ होतो. त्यामुळे अरबी ‘कादी’चा फारसीत ‘काझी’ आणि मराठीत काजी झाला. रमजान, हजर, अर्ज, फाजील हे सगळे याच दाराने आले. स्वाहिलीत अरबी दर्यावर्दींचं बोलणं थेट उतरलं, म्हणून तिकडे ‘काधी’ आणि ‘रमधानी’. केनियात आजही काधींची न्यायालयं आहेत. स्पेनमध्ये तर त्याच कादीचा ‘अल्काल्दे’ होऊन तो नगराध्यक्ष बनला.

आता इथे एक प्रतिपक्ष उभा राहतो, आणि तो कच्चा नाही. अरबांची गलबतं कोकणात फारसीत कारभार करणाऱ्या बहामनी राज्याच्या कितीतरी आधीपासून येत होती. दहाव्या शतकात अल-मसूदी हा प्रवासी चौलला येऊन गेला, तिथल्या मुसलमान वस्तीबद्दल त्याने लिहून ठेवलं. मग फजिती थेट चौलच्या बंदरात का उतरली नसेल? माझं उत्तर : उतरली असती तर तिच्यात ‘द’ किंवा ‘ड’ राहिला असता. ‘ज’ कुठून आला? शेवटचा ‘त’ही तीच साक्ष देतो. ‘फदीहा’सारख्या अरबी शब्दांचं शेपूट सुटं बोलताना ‘आ’वर थांबतं, फारसीने पुष्कळ ठिकाणी तिथे ‘त’ राखला. म्हणून स्वाहिलीत ‘बाराका’, आपल्याकडे बरकत. ‘फजीहत’ हे रूप फारसीतूनच आलं, हिंदी-उर्दूत ते अजून तसंच आहे. मराठीने मधला ‘ह’ गाळला. ‘सलाह’चा सल्ला करतानाही तिने तेच केलं.

दुसरा प्रतिपक्ष घरचाच आहे. काहींना वाटतं, फजिती ही फज्जाची लेक. फज्जा म्हणजे मुलांच्या खेळात धावत जाऊन शिवायची ठरलेली जागा. फज्जा उडतो तशी फजितीही उडते, मग नातं लागलंच! पण दोन्ही शब्दांचं वागणं पाहा. फज्जा बेताचा उडतो, मोहिमेचा उडतो, डब्यातल्या लाडवांचा उडतो. फजिती फक्त माणसाची. पंगतीत वाढायला माणसं कमी पडली तर व्यवस्थेचा फज्जा आणि यजमानाची फजिती. माझ्या मते नातं रक्ताचं नाही, शेजाराचं आहे. फजिती मुळात ‘होते’ किंवा ‘करतात’. ‘उडणं’ तिने फज्जाकडून उचललं.

खरा गुंता शेवटच्या ‘ई’चा. फजीहत हे आधीच नाम, मग त्याला पुन्हा नामाचा प्रत्यय कशाला? गती, रीती, नीती यांच्या रांगेत बसवण्यासाठी, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. ‘ह’ गळून उरलेलं ‘फजीत’ मराठी माणसाने विशेषण समजून घेतलं : ‘तो चारचौघांत फजीत झाला.’ एकदा विशेषण झाल्यावर गरीब-गरिबी या चालीवर फजीत-फजिती होणं ओघानेच आलं. फजीतचा पुरावा जुन्या जोडशब्दांत शिल्लक आहे. फजितखोर पाहा : त्यातला ‘खोर’ फारसी, खाणारा या अर्थाचा. फजीत खाऊन पचवणारा, म्हणजे निर्लज्ज. फजितवाडा मात्र अर्धा आपला : एकट्यादुकट्याची नव्हे, अख्ख्या वाड्याला पुरेल एवढी फजिती.

राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. फजिती तोवर घराघरांत पोचली असणार, म्हणून ती टिकली. खजील आणि अब्रूही तशाच टिकल्या. ओशाळणं, वरमणं, तोंडघशी पडणं हे शेजारी होतेच. पुढे पचका, गोची आणि कॉलेजच्या कट्ट्यावरचा ‘पोपट’ येऊन मिळाले. तरी फजितीची जागा कोणी घेतली नाही, कारण तिने मूळ धातूचा अर्थ सोडलेला नाही.

दोन मजली मंगल कार्यालयाचं उदाहरण घ्या. दोन्ही मजल्यांवर लग्नं. एक पाहुणा चुकून वरच्या मजल्यावर जातो, अक्षता टाकतो, पाटीवरचं नाव वाचून गुपचूप खाली येतो. ही चूक झाली, घोटाळा झाला. फजिती नाही झाली. तोच आहेराचं पाकीट घेऊन रांगेत उभा राहिला, नवऱ्यामुलाचा हात हातात घेऊन ‘काय रे, ओळखलंस का काकांना?’ म्हणाला आणि मुलगा आईकडे पाहू लागला, की फजिती झाली. चूक तीच, पण आता ती उघड्यावर आली. ओशाळायला माणूस एकटा पुरतो. फजितीला पाहणारे लागतात.

अरबीतलं लोकांना हादरवणारं प्रकरण मराठीत आल्यावर मऊ झालं, एवढाच फरक. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाच्या फजित्या वाचून त्याच्याबद्दलची माया वाढते, अब्रू कमी होत नाही. उघडं पडण्याची अट मात्र कायम राहिली, आणि फजितीवरचा उताराही त्याच अटीत आहे. मंगल कार्यालयातल्या त्या रांगेतली पुढची बाई ‘या ना काका, जेवण खाली आहे’ म्हणत पाहुण्याला जिन्याकडे नेते आणि पाकिटाकडे बघतही नाही, तेव्हा ती झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवते. जे पाहिलंच नाही, त्याची फजिती होत नाही.