सात दिवस, सात रात्री, एक सायकल

चपला हातात घ्या. आपण जातोय त्या मैदानात घोट्यापर्यंत धूळ आहे.

1970च्या दशकातली कार्तिकातली संध्याकाळ. आदिलाबादहून बेल्याकडे जाताना जैनथ लागतं, लक्ष्मीनारायणाच्या जुन्या देवळाचं गाव. उत्तरेला पैनगंगा, तिच्यापलीकडे यवतमाळ जिल्हा. नदीच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, कापूस आणि दर गावाला बाजाराची एक मोकळी जागा. तमाशा तिथेच, कबड्डी तिथेच आणि सायकलवाला आला की त्याचा मुक्कामही तिथेच. अशाच एका मैदानात आता तुम्ही उभे आहात.

आधी नाकाला कळतं. शेंगदाणा तेलातली भजी, विडीचा धूर, गॅसबत्तीचं रॉकेल आणि शंभरेक माणसांचा दिवसभराचा घाम. मग कानात भोंगा घुसतो. माईकवाला मराठीत सुरू करतो, तेलुगूत वळतो आणि हिंदीत संपवतो: सात दिवस, सात रात्री, पाय जमिनीला लागणार नाही! लगेच सिनेमाची रेकॉर्ड लागते. तुमच्या पुढे एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे आहेत. पोराची टाच तुमच्या नाकाशी. बाजूला सरकायला जागा नाही.

माना उंच करून बघा. मधोमध एक खांब, भोवती दोरीचं रिंगण आणि आत तो सायकलवाला. हॅंडल डावीकडे वळलेलं, चाक एकाच गोल रेघेवर फिरतंय. तिसऱ्या दिवसापर्यंत ती रेघ खोल चाकोरी झाली आहे. त्याच्या सदऱ्याला टाचणीने एक-एक रुपयाच्या नोटा लावल्यात. पसरलेल्या चादरीवर पाच-दहा पैशांची नाणी पडताहेत.

सकाळी लवकर या, अंघोळ बघायला मिळेल. एक पोरगा बादली घेऊन सायकलीच्या बरोबरीने पळतो. सायकलवाला दोन्ही हात सोडून तांब्या घेतो, डोक्यावर ओततो, साबण लावतो. फेस चेनवर ओघळतो, पॅडल मात्र थांबत नाही. मग ओला सदरा काढून कोरडा चढवायचा. क्षणभर डोकं सदऱ्यात अडकतं, अख्खं मैदान श्वास रोखतं, डोकं बाहेर येतं आणि शिट्ट्या पडतात. दाढी सायकलवर, भाकरी-ठेचाही सायकलवर. 1972 साली आलेल्या ‘शोर’मध्ये मनोजकुमारने मुलाच्या ऑपरेशनसाठी अशीच सायकल चालवली होती. माईकवाला ते दर तासाला सांगतो. आयाबाया डोळे पुसतात आणि पदराची गाठ सोडतात.

हे सोपं वाटतंय? मग उतरा रिंगणात. दुपारी गावातल्या पोरांची स्लो सायकल स्पर्धा आहे. समोरच्या दुकानातून तासावर सायकल घ्या. सीट उंच आहे, ब्रेक करकरतोय, हॅंडल उन्हाने तापलंय. फक्कीच्या दोन रेषा, मधे थोडंसं अंतर. जो शेवटी पोचेल तो पहिला. शिट्टी वाजली! वेग असला की सायकल स्वतःला सावरते. वेग गेला की सगळं काम तुमच्या मनगटांवर येतं. अर्धं पॅडल मारा, ब्रेक हलका दाबा, हॅंडल किंचित तिरकं, नजर लांब. मांड्या थरथरतात, घाम डोळ्यांत उतरतो आणि चार हातांवर तुमचा पाय टेकतो. “आऊट!” पोरं खिदळतात. आता त्या माणसाकडे पुन्हा बघा. तुम्हाला काही क्षण जमलं नाही ते तो तीन दिवस करतोय.

खरी शर्यत रात्री असते. थंडी पडते, भजीवाला आवरून जातो, शेकोटीभोवती पाच-सहा गडी घोंगडी घेऊन बसतात. ते पाळतीवर आलेत. “रातच्याला उतरते तो, पाहाच तुम्ही,” एक जण पैज लावतो. तुम्हीही बसा. उत्तररात्री सायकलवाल्याची मान पुढे कलते. चाक लटपटतं, चाकोरी सोडून दोरीकडे जातं. आणि पैज लावणाराच पहिला उठतो. “ओ भाऊ! झोपू नका!” दुसरा ओलं फडकं घेऊन बरोबरीने पळतो, तिसरा चहा पुढे करतो. त्याला पकडायला आलेले लोकच त्याला जागं ठेवताहेत. इथे शर्यतीला दुसरा सायकलस्वार नाही. समोर फक्त झोप आहे आणि तिच्याविरुद्ध आता अख्खं गाव उतरलंय.

सातव्या दिवशी हलगी लागते. गुलालाने हवा लाल, घशात लाल, तुमचा सदराही लाल. सायकल थांबते. तो उतरतो, पण पाय धरत नाहीत. सात दिवस त्यांना जमीन माहीत नव्हती. पाळतीवरचे तेच गडी त्याला खांद्यावर उचलतात. नारळ फुटतो, हार पडतात, मिरवणूक वेशीकडे निघते. अशा सायकलवाल्यांसाठी ट्रॅक नव्हता, पंच नव्हते, विक्रमांची वही नव्हती. काही दिवसांत हाच माणूस पुढच्या गावात नवा खांब रोवेल आणि पहिला फेरा सुरू करेल. त्याच्या कसाला मान द्यायची एकच जागा होती, ती चादर. काढा खिशातले चार आणे आणि टाका. खणखणीत वाजले पाहिजेत.