खाचांची गोल्फ स्टिक
आमच्या वडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचं मैदान आहे. तिथल्या स्टिकच्या लोखंडी तोंडावरच्या खाचा पाहिल्या की मला जॉक हचिसन आठवतो. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा हा मुलगा अमेरिकन झाला आणि १९२१ साली जन्मगावीच ओपन स्पर्धा जिंकला. त्याच्या काही स्टिकना खोल खाचा होत्या. ओलं गवत मध्ये आलं की चेंडू सटकतो. खाचांत पाणी-गवत शिरतं नि पकड टिकते. मग चेंडूला उलटी फिरकी मिळते, पडल्यावर तो फार पळत नाही. त्याच सुमारास अशा खोल खाचांवर बंदी आली. खाचांचं श्रेय खाचांना द्यावं. पण फटका शेवटी हातानेच मारायचा असतो. हचिसनचं विजेतेपद मात्र कायम राहिलं, ते मला योग्यच वाटतं.