चोरीआधीचे साडेतेरा तास

बुधवार, संध्याकाळी ७.४०. चोरीला साडेतेरा तास.

रोमच्या टर्मिनी स्टेशनजवळचं हॉटेल. अण्णा पलंगाच्या कडेला बसून शर्टाच्या आतली बंडी चाचपताहेत. मांजरपाटाची ही बंडी आईने हिंगोलीला घरच्या मशीनवर शिवली. डाव्या काखेखाली चोरखिसा आणि त्याच्या तोंडाला सेफ्टी पिन. श्रावणी सोमवारी औंढ्याला जाताना अण्णांच्या अंगात अशीच बंडी असते. नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे. उतरायची वाट इतकी अरुंद, की अंग चोरत, दोन्ही हातांनी दगडाचा आधार घेत खाली जावं लागतं. मी लहान असताना अण्णांनी तिथेच सांगितलं होतं, "पाकीटमार गर्दी बघत नाही रे, तुझे दोन्ही हात कधी गुंततेत ते बघतो."

आणि मी त्या संध्याकाळी म्हणालो, "अण्णा, द्या ते सगळं माझ्याकडे. दर वेळी शर्ट वर करून पासपोर्ट काढता, लोक बघतात."

अण्णा काही बोलले नाहीत. पिन काढली, दोघांचे पासपोर्ट आणि युरो माझ्या हातावर ठेवले, पिन पुन्हा लावली.

रात्री १०. अकरा तास.

एका पाउचमध्ये तीन पासपोर्ट, माझी दोन्ही कार्डं आणि साडेआठशे युरो. खोलीत छोटी तिजोरी होती, पण ती कशी लावायची हे बघायचा कंटाळा आला. २०१३च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांनी खिसेकापूंच्या टोळ्यांना वैतागून काम थांबवलं आणि संग्रहालय एक दिवस बंद राहिलं, हे मी निघण्याआधी वाचलं होतं. वाचूनही तीन माणसांची परतीची वाट मी एका चेनच्या भरवशावर ठेवली. खिसेकापूचं निम्मं काम त्या रात्री मीच करून ठेवलं.

गुरुवार, सकाळी ७.१५. दोन तास.

नाश्त्याला आईने पावासोबत शेंगदाण्याची चटणी काढली. "पासपोर्ट कुठंयत?" तिने विचारलं. "माझ्यापाशी." तिने लुगड्याची कनवटी चाचपून पाहिली आणि गप्प बसली. दसऱ्यात हिंगोलीच्या रामलीला मैदानावर जातानाही ती पैसे तिथेच खोचते.

८.५०. वीस मिनिटं.

टर्मिनीसमोरचा बसथांबा. ६४ नंबरची बस इथून व्हॅटिकनच्या बाजूला जाते. पर्यटक तिने जातात आणि त्यांच्या मागोमाग चोरही. खिसेकापूंपासून सावध राहा, अशी सूचना डोळ्यांसमोर होती. ती वाचली आणि माझा हात आपोआप कमरेच्या पाउचवर गेला. ऐवज कुठे आहे हे त्या हाताने दाखवून दिलं. बघणाऱ्याला तेवढं पुरतं.

९.०८. दोन मिनिटं.

बस लागली आणि बघता बघता भरली. "पुढची येईल," अण्णा म्हणाले. आमची व्हॅटिकनच्या तिकिटाची वेळ ठरलेली होती, म्हणून मी चढायची घाई केली.

९.१०.

माझ्यापुढे एक बाई होती. पायरीवर चढली आणि एकदम थबकली, काहीतरी पडल्यासारखी खाली वाकली. मागून कुणीतरी रेटलं. माझा उजवा हात दांड्यावर, डाव्या हातात आईचं मनगट. बाजूच्या माणसाच्या हातावर जाकीट टाकलेलं होतं आणि ते माझ्या पोटाला घासून गेलं. मे महिन्यात जाकीट कशाला, हा प्रश्न मला नंतर पडला. बाई सरळ झाली, "सॉरी" म्हणाली आणि चढायच्या ऐवजी खाली उतरली. एक अडवतो, एक काढतो, तिसरा माल घेऊन निघून जातो. दोन्ही हात गुंतलेले तो क्षण औंढ्याच्या गाभाऱ्यात असतो तेवढाच होता.

९.२४.

पाउच कमरेलाच होतं. चेन उघडी, आत काही नाही. हिंगोलीत तेव्हा बारा चोपन्न झाले होते. बायकोला फोन लावला, तिने बँकेच्या हेल्पलाइनवर कार्डं बंद करायला सांगितलं. कार्डाचा परदेशातला वापर आपल्याला हवा तेव्हा बंद-चालू करता यावा, ही सोय रिझर्व्ह बँकेने २०२० सालीच सगळ्या बँकांना द्यायला लावली आहे. न लागणारं एक कार्ड तरी मी बंद करून हॉटेलात ठेवायला हवं होतं.

पोलीस ठाण्यात रांग होती. तक्रारीच्या कागदाशिवाय दूतावासात काम होत नाही. भारतीय दूतावास व्हिया व्हेंती सेत्तेंब्रे या रस्त्यावर, टर्मिनीपासून फार लांब नाही. पासपोर्ट गेला की तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण ते फक्त भारतात परत येण्यापुरतं. पुढचा स्वित्झर्लंडचा प्रवास तिथेच संपला. अण्णांना बर्फ हातात घ्यायचा होता. त्यासाठी त्यांनी पेन्शनमधून दोन वर्षं पैसे बाजूला टाकले होते.

सर्टिफिकेटसाठी फोटो काढायला पैसे नव्हते. आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि कनवटीतून वीस युरोच्या दोन नोटा काढल्या.

दूतावासातल्या खिडकीपलीकडच्या माणसाने पासपोर्टची झेरॉक्स आहे का विचारलं. माझ्या फोनमध्ये फक्त माझ्याच पासपोर्टचा फोटो होता, तोही अर्धा कापलेला. मी मान हलवणार, तेवढ्यात अण्णांनी शर्ट वर केला. हात थरथरत होता, पिन उघडेना, शेवटी आईने उघडली. तहसील कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाने निघण्याआधी तिघांच्याही पासपोर्टच्या झेरॉक्स काढून घेतल्या होत्या. काल चोरखिसा रिकामा करताना त्या त्यांनी मला दिल्या नव्हत्या, मी मागितल्याही नव्हत्या. चौघडी घातलेला कागद घामाने मऊ पडला होता. घडी नेमकी आईच्या पासपोर्ट नंबरवरून गेली होती. खिडकीतल्या माणसाने कागद उजेडाकडे धरला, एकेक आकडा वाचला आणि लिहून घेतला.