आठवण येते, की आपण आठवतो?

आपण रोज बोलतो ते शब्द इतके अंगवळणी पडलेले असतात की त्यांच्या पोटात काय दडले आहे हे सहसा पाहिले जात नाही. आज 'आठवण' या एका शब्दाची नाडी तपासून पाहू.

इंग्रजी माणूस 'आय रिमेंबर' म्हणतो तेव्हा आठवण्याचे काम तो स्वतः करतो. आपण 'मला आठवते' म्हणतो. आठवण आपल्याकडे येते. शिवाय आपल्याकडे तिचे व्यवहार निरनिराळे. आठवण येते ती न बोलावता. आठवण काढतात ती मुद्दाम, आणि इकडे उचकी लागलेला माणूस विचारतो, 'कोण आठवण काढतंय?' उपकाराची आठवण ठेवायची असते आणि उसनवारीची करून द्यायची असते. विसरण्याचेही तसेच. 'मी विसरलो' यात थोडी कबुली आहे. 'विसर पडला' यात दोष कोणाचाच नाही.

यावरून इंग्रज अहंकारी आणि आपण नम्र, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या इंग्रजीत आठवण माणसाला 'होत' असे. 'मला वाटते' या घडणीचा 'मीथिंक्स' हा शब्द शेक्सपियरच्या नाटकांत जागोजागी भेटतो. 'माइंड' या शब्दाचा जुना अर्थच मुळी स्मरण असा होता. पुढे त्या भाषेचे वळण बदलले आणि वाक्यात 'मी' पुढे येऊन बसला. तरी खुणा राहिल्या आहेतच. विचार अजून मनाला आडवा जातो, गोष्ट मनातून निसटते, आणि पाठ केलेले ते हृदयाने शिकतात.

आपण मात्र पाठ करतो ते तोंडाने: तोंडपाठ. आणि आमचा कानडी शेजारी म्हणतो 'बायिपाठ'. बायि म्हणजे तोंड. आपण म्हणतो 'मला आठवण आहे', तो म्हणतो 'ननगे नेनपिदे'. शब्द वेगळे, पण वाक्याचा सांगाडा एकच. त्याच्याकडेही आठवण 'मला' असते. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे मांडले. १९७१ मध्ये गम्पर्झ आणि विल्सन यांचा सांगलीजवळच्या कुपवाडवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे कानडी बोलणारे जैन व लिंगायत, उर्दू बोलणारे मुसलमान आणि मराठी बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले. प्रत्येकाने आपले शब्द जपले, पण वाक्यरचना इतक्या जवळ आल्या की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते. आमच्या सीमेवरच्या जैन घरांना हे वाचून नवल वाटणार नाही.

भीमेच्या या काठालाही हे नवे नाही. आपल्याच तालुक्यातल्या गाणगापूरचे माहात्म्य सांगणारा 'गुरुचरित्र' हा ग्रंथ मराठीत आहे, पण कर्त्याची, सरस्वती गंगाधरांची, घरची भाषा कानडी मानली जाते आणि ग्रंथात कानडी पदेही आहेत. पुढे निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू झाली. फारसीतला 'याद' आपल्याकडे त्याच्याही आधीपासून मुरला होता. त्याची आपण 'यादी' केली, म्हणजे विसरू नये म्हणून लिहिलेला कागद. आणि 'याद राख' हा दम. प्रेमाची ती आठवण, धाकाची ती याद! १९४८ मध्ये ते राज्य गेले, १९५६ मध्ये आपण म्हैसूर राज्यात आलो. पाट्या बदलल्या, पण घरात आठवण 'येत'च राहिली.

हे सारे आमच्या धंद्यात फार उपयोगी पडते. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी आपल्या 'ऑर्गॅनन'मध्ये (पहिली आवृत्ती १८१०) वैद्याला बजावले आहे की रुग्णाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. ते लिहीत होते जर्मनमध्ये. आम्ही वापरतो तो केंट यांचा लक्षणकोश इंग्रजीत, आणि त्याचे पहिले प्रकरण मनाचे. रुग्ण बोलतो मराठी, कानडी, दखनी. मधली वाट चिंचोळी आहे.

आजी म्हणते, 'नाव जिभेवर येतं नि मागं फिरतं.' सोबतचा नातू मला सांगतो, 'मेमरी लॉस.' ती म्हणते, 'कशात जीव लागत नाही.' नातू म्हणतो, 'डिप्रेशन.' पोराचा हेतू चांगला असतो. पण नाव जिभेपर्यंत येऊन फिरणे वेगळे आणि सकाळी जेवलो की नाही हेच न आठवणे वेगळे. पहिले वयाबरोबर बहुतेकांना होते; दुसऱ्याची तपासणी वेळेवर झाली पाहिजे. 'मेमरी लॉस' म्हटले की दोन्ही एकाच खात्यात जमा होतात. तसेच जीव न लागणे हा कधी आजार असतो, कधी नुसते एकटेपण. ते आजीच्या पुढच्या वाक्यावरून कळते, आणि नातवाने तिला मध्येच थांबवलेले असते.

नवे शब्द येऊ नयेत असे मी म्हणत नाही. 'याद' आली, 'टेन्शन'ही आले. पण 'आजोळची फार सय येते' म्हणणाऱ्या घरात आज 'मिस करते' एवढेच उरले, तर येणे, काढणे, ठेवणे, होणे हे सगळे भेद एका शब्दात बुजतात.

म्हणून वाचकहो, एक विनंती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरकडे नेताना त्यांच्या तक्रारी त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवून न्या. मराठी असो की कानडी, भाषांतर करू नका. औषध कोणत्याही शास्त्राचे असो, कागदावर माणूस जसा बोलला तसा उतरला पाहिजे. आजार बरा झाल्यावरही तो कागद टाकू नका. आपल्या घरात मनाविषयी कसे बोलत होते, हे नातवंडांना त्यावरूनच कळेल.