मेघाधारित व्हिडिओ खेळ

ज्या व्हिडिओ खेळाची आज्ञावली खेळाडूच्या घरातील यंत्रावर न चालता दूरच्या संगणक केंद्रात चालते आणि ज्याचे केवळ चित्र व ध्वनी इंटरनेटमार्गे खेळाडूच्या पडद्यावर सतत प्रवाहित होतात, त्यास मेघाधारित व्हिडिओ खेळ असे म्हणतात. व्यवहारात ‘क्लाउड गेमिंग’ हे नाव रूढ आहे. या पद्धतीत खेळाडूजवळ पडदा, नियंत्रक व इंटरनेटची जोडणी एवढे असले म्हणजे पुरते. महागडा संगणक किंवा खास खेळयंत्र लागत नाही. परंतु त्याचबरोबर खेळही त्याच्या हाती कधी येत नाही. सेवा चालू असेल तोपर्यंतच तो उपलब्ध असतो. त्यामुळे या खेळप्रकाराच्या इतिहासात दोन प्रश्न आरंभापासून गुंतलेले दिसतात. अंतरामुळे होणारा विलंब कसा कमी करावा, हा पहिला आणि मूल्य देऊन घेतलेल्या खेळावर ग्राहकाचा अधिकार कोणता, हा दुसरा. पहिला प्रश्न बव्हंशी सुटत आला आहे. दुसरा अद्याप अनिर्णित आहे.

कार्यतत्त्व : खेळाडूने कळ दाबताच तिचा संकेत संगणक केंद्रातील सर्व्हरकडे जातो. सर्व्हर खेळाची नवी स्थिती गणितो, त्यातील ग्राफिक्स चिप त्या स्थितीचे चित्र रेखाटते, चित्राचे संपीडन होते आणि ते खेळाडूकडे पाठविले जाते. खेळाडूचा दूरचित्रवाणी संच, भ्रमणध्वनी किंवा साधा संगणक ते उलगडून पडद्यावर दाखवितो. हे चक्र सामान्यतः सेकंदाला ६० वेळा घडते. म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्यास सु. १६·७ मिलिसेकंद येतात.

संपीडनाशिवाय ही गोष्ट अशक्य आहे. १,९२० × १,०८० बिंदूंचे, प्रत्येक बिंदूस २४ बिट असलेले चित्र सेकंदाला ६० वेळा जसेच्या तसे पाठवावयाचे, तर सेकंदास सु. ३ अब्ज बिट वाहून न्यावे लागतील. घरगुती जोडणीतून २ कोटी बिट, म्हणजे २० मेगाबिट, पाठवावयाचे झाल्यास मूळ माहिती सु. दीडशेपटीने आटवावी लागते आणि तीही काही मिलिसेकंदांत. चित्रपट प्रवाहित करताना पुढील काही सेकंदांचा भाग आधीच साठवून ठेवता येतो, त्यामुळे जोडणी क्षणभर मंदावली तरी प्रेक्षकास ते जाणवत नाही. खेळात मात्र पुढचे चित्र खेळाडूच्या पुढच्या कृतीवर अवलंबून असल्यामुळे ते आधी तयार करून साठविता येत नाही. या दोहोंतील हा मूलभूत फरक आहे.

विलंबाचा काही भाग निसर्गनियमानेच ठरलेला असतो. प्रकाशीय तंतूंतून संकेताचा वेग सेकंदास सु. २ लक्ष किमी. असतो. केंद्र १,००० किमी. दूर असेल, तर केवळ जाण्यायेण्यास किमान १० मिलिसेकंद लागतात. यात मार्गातील जोडयंत्रे, संपीडन, उलगडणी व पडदा यांचा वेळ मिळवावा लागतो. सोंगट्यांच्या किंवा पत्त्यांच्या खेळात हा विलंब जाणवत नाही. नेमबाजी, शर्यत किंवा द्वंद्वयुद्ध यांच्या खेळांत तोच जयपराजय ठरवू शकतो. म्हणूनच संगणक केंद्रे ग्राहकांच्या वस्तीजवळ उभारणे, हे या व्यवसायाचे पहिले आणि सर्वांत खर्चिक काम ठरले.

पूर्वपीठिका : दूरच्या संगणकावर खेळ चालवून तो आपल्यापुढील पडद्यावर पाहण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘प्लेटो’ या शिक्षणविषयक संगणक योजनेत १९७० नंतरच्या दशकात अनेक ठिकाणचे पडदे दूरध्वनीच्या तारांनी एका मध्यवर्ती संगणकास जोडलेले होते. विद्यार्थ्यांनी त्यावर ‘एम्पायर’ (१९७३) यांसारखे अनेकांनी मिळून खेळावयाचे खेळ रचले. त्यांत अक्षरे व रेषाकृती पाठविल्या जात. हलते पूर्ण चित्र पाठविणे तेव्हा शक्य नव्हते.

यानंतरच्या काही सेवांची गणना पुष्कळदा मेघाधारित खेळांच्या पूर्वजांत केली जाते. तथापि त्यांचे तत्त्व निराळे होते. मॅटेल कंपनीच्या इंटेलिव्हिजन या खेळयंत्रासाठी केबलमार्गे चालणारी ‘प्लेकेबल’ (१९८१), अटारीच्या यंत्रासाठी दूरध्वनीमार्गे चालणारी ‘गेमलाइन’ (१९८३), ‘सेगा चॅनल’ (१९९४) आणि जपानमधील निन्टेंडोची उपग्रहाधारित ‘सॅटेलाव्ह्यू’ (१९९५) या सेवा खेळाची आज्ञावली घरातील यंत्रापर्यंत पोहोचवीत व खेळ त्या यंत्रावरच चाले. यंत्र ग्राहकाचेच राहिले. दुकानातून कॅसेट आणण्याचा खटाटोप तेवढा वाचला.

आरंभीचे प्रयत्न : खरा मेघाधारित खेळ या शतकाच्या प्रारंभी अवतरला. फिनलंडमधील जी-क्लस्टर या कंपनीने सर्व्हरवर चालणाऱ्या खेळाचे चित्र छोट्या उपकरणांवर प्रवाहित करून दाखविले. जर्मनीतील क्रायटेक या कंपनीने २००५ च्या सुमारास या दिशेने संशोधन आरंभिले. परंतु इंटरनेटच्या जोडण्या पुरेशा वेगवान नसल्यामुळे दोन वर्षांनी ते थांबविले.

सामान्य ग्राहकास ही कल्पना प्रथम परिचित करून दिली ती अमेरिकेतील ऑनलाइव्ह या कंपनीने. तिचे संस्थापक स्टीव्ह पर्लमन यांनी मार्च २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील खेळरचनाकारांच्या परिषदेत सेवेची घोषणा केली आणि जून २०१० मध्ये ती अमेरिकेत, तर सप्टेंबर २०११ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. दूरचित्रवाणी संचास जोडण्याची तिची छोटी पेटी ९९ डॉलरला मिळे. तंत्र चालत होते, पण हिशेब जुळत नव्हता. ग्राहक पुरेसे येण्याआधीच महागडे सर्व्हर उभारावे लागले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये कंपनीची मालमत्ता नव्या मालकाच्या कंपनीकडे गेली व बहुसंख्य कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली. ३० एप्रिल २०१५ रोजी सेवा कायमची बंद झाली. तिची एकस्वे सोनी कंपनीने घेतली. ऑनलाइव्हवर खेळ विकत घेणाऱ्यांना त्यानंतर ते उघडता आले नाहीत. कारण त्यांच्या घरी खेळाची प्रत नव्हतीच.

याच काळात डेव्हिड पेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये स्थापन केलेल्या गायकाय या कंपनीने वेगळा मार्ग पत्करला होता. ‘गायकाय’ या जपानी शब्दाचा अर्थ खुला समुद्र असा आहे. खेळ विकत घेण्यापूर्वी त्याचा काही भाग लगेच खेळून पाहता यावा, एवढाच तिचा मर्यादित हेतू होता. सोनीने २०१२ मध्ये ती ३८ कोटी डॉलरला विकत घेतली आणि तिच्या तंत्रावर २०१४ मध्ये ‘प्लेस्टेशन नाउ’ ही सेवा उभी केली. सोनीची एक अडचणही या सेवेने दूर झाली. प्लेस्टेशन ३ या यंत्रातील ‘सेल’ नावाच्या प्रक्रियकाची रचना इतकी वेगळी होती की, त्यावरील खेळ पुढच्या यंत्रावर चालत नसत. सर्व्हरवरून प्रवाहित केल्यामुळे ते नव्या यंत्राच्या ग्राहकांनाही खेळता येऊ लागले. पुढे २०२२ मध्ये ही सेवा ‘प्लेस्टेशन प्लस’ या वर्गणीत विलीन करण्यात आली.

मोठ्या कंपन्यांचा प्रवेश : ग्राफिक्स चिप बनविणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २०१५ मध्ये आपल्या उपकरणांसाठी ‘जीफोर्स नाउ’ सुरू केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती सर्वसाधारण ग्राहकांस खुली केली. ही कंपनी स्वतः खेळ विकत नाही. ग्राहकाने अन्य दुकानांतून घेतलेले खेळ चालविण्यासाठी ती दूरचा संगणक भाड्याने देते. सेवा खुली होताच ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डसारख्या काही प्रकाशकांनी आपले खेळ तीतून काढून घेतले. स्वतः विकत घेतलेला खेळ भाड्याच्या संगणकावर चालविण्यासही प्रकाशकाची संमती लागते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२० मध्ये २२ देशांत आपली सेवा ‘गेम पास’ या मासिक वर्गणीस जोडून दिली. संगणक केंद्रांत आरंभी एक्सबॉक्स या तिच्याच खेळयंत्राचे भाग बसविलेले होते, त्यामुळे जुने खेळ नव्याने रचावे लागले नाहीत. ॲमेझॉनची ‘लूना’ ही सेवा अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये सर्वांस खुली झाली.

स्टेडिया : या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण गूगलच्या स्टेडियाचे होय. २०१८ च्या अखेरीस ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ हा मोठा खेळ इंटरनेटच्या साध्या न्याहाळकात चालवून गूगलने यशस्वी चाचणी घेतली. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी १४ देशांत सेवा सुरू झाली. किमान १० मेगाबिट आणि सर्वोच्च दर्जाच्या चित्रासाठी ३५ मेगाबिट वेग तीस आवश्यक मानला होता. या दुसऱ्या वेगाने तासाभरात सु. १६ गिगाबाइट माहिती खर्ची पडते. गूगलजवळ जगभर पसरलेली संगणक केंद्रे, स्वतःचे जाळे व विपुल भांडवल होते. ऑनलाइव्हजवळ यांपैकी काहीच नव्हते. तरीही स्टेडिया टिकली नाही. तीवरील बहुतेक खेळ स्वतंत्रपणे, पूर्ण किंमतीस विकत घ्यावे लागत आणि घेतलेला खेळ अन्यत्र नेता येत नसे. सेवा बंद पडली तर काय, ही शंका ग्राहकांच्या मनात पहिल्या दिवसापासून होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने स्वतःच्या खेळनिर्मितिसंस्था बंद केल्या आणि ती शंका बळावली. १८ जानेवारी २०२३ रोजी सेवा संपुष्टात आली. स्वतःच्या दुकानांतून विकलेली उपकरणे व खेळ यांचे मूल्य गूगलने ग्राहकांस परत केले. व्यापारनीतीच्या दृष्टीने ही गोष्ट स्तुत्य असली, तरी ‘आउटकास्टर्स’ यासारखा केवळ स्टेडियासाठी रचलेला खेळ तिच्याबरोबरच नाहीसा झाला.

अर्थकारण : ऑनलाइव्ह आणि स्टेडिया यांच्या अपयशामागे एक समान कारण आहे. चित्रपट प्रवाहित करणारा एकच सर्व्हर एका वेळी पुष्कळ प्रेक्षकांना पुरतो. खेळात मात्र प्रत्येक खेळाडूसाठी ग्राफिक्स चिप किंवा तिचा ठरावीक वाटा राखून ठेवावा लागतो. विलंबाच्या अटीमुळे एका प्रदेशातील खेळाडू त्याच प्रदेशातील केंद्रावर अवलंबून असतात आणि ते बहुधा सायंकाळी एकाच वेळी येतात. सायंकाळच्या गर्दीसाठी उभारलेली यंत्रे सकाळी रिकामी राहतात. ती जगाच्या दुसऱ्या टोकास लावता येत नाहीत, कारण तेथपर्यंतचे अंतरच आड येते. एनव्हिडियाने २०२५ पासून नव्या वर्गणीदारांस महिन्याला १०० तासांची मर्यादा घातली, ती या खर्चाचीच निदर्शक आहे. टिकून राहिलेल्या सेवा प्रामुख्याने अशाच कंपन्यांच्या आहेत की, ज्यांचा मुख्य व्यवसाय दुसरा आहे.

नियमन : मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२२ मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी ६,८७० कोटी डॉलरला घेण्याची घोषणा केली, तेव्हा मेघाधारित खेळांचा प्रश्न प्रथमच मोठ्या कायदेशीर वादाचा विषय झाला. या बाजारपेठेत मायक्रोसॉफ्टची मक्तेदारी निर्माण होईल, या कारणास्तव ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने एप्रिल २०२३ मध्ये व्यवहारास मनाई केली. ॲक्टिव्हिजनच्या खेळांचे युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील प्रवाही प्रसारणाचे हक्क फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीस दिल्यानंतरच ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. ॲपल कंपनीच्या नियमांमुळे आयफोनवर अशा सेवांना एकाच ॲपमधून अनेक खेळ देता येत नसत. तो निर्बंध जानेवारी २०२४ मध्ये उठला.

मालकी व जतन : वाचनालयाची वर्गणी भरणाऱ्यास पुस्तक परत करावे लागते, याची त्यास पूर्ण जाणीव असते. मासिक वर्गणीवरील खेळाचेही तसेच आहे आणि त्यात फसगत नाही. वाद उद्भवतो तो ‘खरेदी’ या शब्दावरून प्रत्यक्षात केवळ परवाना दिला जातो तेव्हा. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून लागू केलेल्या कायद्यान्वये, परत घेता येण्याजोग्या अंकीय वस्तूबाबत ‘खरेदी’ हा शब्द वापरताना ती वस्तू परवान्यावर दिली जाते, हे विक्रेत्याने स्पष्टपणे सांगावे लागते. युरोपात ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर २०२४ मध्ये बंद झाल्यावर चळवळ उभी राहिली व तिच्या मागणीपत्रावर १० लक्षांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. हा खेळ मेघाधारित नव्हता, त्याच्या चकत्या लोकांच्या घरी होत्या. तरी सर्व्हरवाचून त्या निरुपयोगी ठरल्या. मेघाधारित खेळात तर चकतीही नसते.

जतनाचा प्रश्न याहून बिकट आहे. भारतात १९५४ च्या कायद्यानुसार मुद्रित पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय यांसारख्या ठरावीक ग्रंथालयांस द्याव्या लागतात. त्यामुळे प्रकाशक नाहीसा झाला तरी पुस्तक उरते. केवळ सर्व्हरवर असलेल्या खेळासाठी अशी सोय नाही. जुनी खेळयंत्रे व चकत्या हौशी संग्राहकांनी जपल्या म्हणून १९८० च्या दशकातील अनेक खेळ आज अभ्यासता येतात. मेघाधारित खेळाची प्रत अशा संग्राहकापर्यंत पोहोचतच नाही. प्लेस्टेशन ३ वरील खेळांच्या बाबतीत या तंत्राने जुने खेळ नव्या पिढीस उपलब्ध करून दिले, हे खरे. पण ती उपलब्धताही सेवा चालविणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून आहे.

भारतातील स्थिती : भारतात भ्रमणध्वनी सर्वत्र पोहोचला असला, तरी खेळयंत्रे व शक्तिमान संगणक मोजक्याच घरांत आहेत. त्यामुळे या पद्धतीस येथे अनुकूल भूमी आहे. जिओ कंपनीने ‘जिओगेम्स क्लाउड’ ही सेवा प्रथम चाचणी स्वरूपात आणली. मायक्रोसॉफ्टची सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात सुरू झाली. बहुसंख्य ग्राहक बिनतारी जोडणीवर अवलंबून असल्याने येथे सरासरी वेगापेक्षा त्यातील चढउतार अधिक त्रासदायक ठरतात. मनोऱ्यावरील गर्दी वाढताच विलंब वाढतो. ज्यांनी खेळयंत्र कधी विकत घेतले नाही, अशा मोठ्या वर्गाची मोठ्या व्हिडिओ खेळांशी पहिली ओळख येथे याच मार्गाने होण्याचा संभव आहे. या वर्गाजवळ जुनी चकती किंवा जुने यंत्र असणार नाही. म्हणून ग्राहकाचे हक्क व खेळांचे जतन यांविषयीचे नियम सेवा रुजण्याच्या काळातच करणे भारताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे.