धर्मादाय आणि दायित्व

परोपकारासाठी उभारलेल्या संस्थेच्या हातून कुणाचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई संस्थेने करावी काय? आज आपण सहज होकार देऊ. परंतु न्यायालयांना त्या होकारापर्यंत पोहोचावयास शतकाहून अधिक काळ लागला.

एडिंबरोचा सोनार जॉर्ज हेरियट १६२४ साली निवर्तला. त्याच्या संपत्तीतून पितृहीन मुलांसाठी एक संस्था उभी राहिली. तिला ‘हॉस्पिटल’ म्हणत असले, तरी ते वसतिगृहासह विद्यालयच होते. तेथे प्रवेश नाकारला गेल्यामुळे रॉस नावाच्या मुलाच्या बाजूने विश्वस्तांवर दावा लागला. १८४६ साली लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. दात्याने जो पैसा एका कार्यासाठी ठेवला, तो विश्वस्तांच्या चुकांची भरपाई करण्यात खर्चणे म्हणजे त्याच्या इच्छेचा भंग, असे लॉर्ड कॉटनहॅम यांचे म्हणणे होते. युक्तिवाद सरळ होता. मात्र ज्याला इजा झाली त्याचे काय, हा प्रश्न त्याने अनुत्तरित ठेवला.

इंग्लंडने हे मत फार काळ जपले नाही. मर्सी नदीवरील गोदीच्या तोंडाशी साचलेल्या गाळात एक जहाज रुतले व आतील मालाची हानी झाली. गोदीचे विश्वस्त स्वतःसाठी नफा कमावीत नव्हते. तरीही निष्काळजीपणाचे दायित्व त्यांच्यावर येते, असा निर्णय १८६६ साली झाला. नवल असे की, दहा वर्षांनी, १८७६ साली, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने इंग्लंडने टाकून दिलेलेच मत उचलले. मांडीचे हाड मोडलेल्या एका रुग्णाची तक्रार अशी होती की, बोस्टनच्या धर्मादाय रुग्णालयात ते नीट बसविले गेले नाही. न्यायालय म्हणाले, रुग्णालयाने माणसे काळजीपूर्वक निवडली असतील, तर त्यांच्या चुकीबद्दल ते जबाबदार नाही. हाच पायंडा पुढे अमेरिकेतील अनेक राज्यांनी गिरवला.

त्याला निर्णायक तडा गेला तो १९४२ साली. वॉशिंग्टन येथील जेसुइटांच्या जॉर्जटाऊन महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका रुग्णाच्या सेवेस असलेली खासगी परिचारिका मार्गिकेतून जात होती. एक विद्यार्थिनी परिचारिका घाईने दार ढकलून आली व ते दार तिला लागले. न्यायमूर्ती वायली रटलेज यांनी धर्मादाय संस्थांच्या या संरक्षणाचा पाया तपासला आणि तो पोकळ ठरवला. एकट्या जखमी माणसाने दानाचा भार का वाहावा? संस्थेला विमा घेता येतो व नुकसान अनेकांत वाटले जाते. जखमीला तसे करता येत नाही. १९५७ साली न्यूयॉर्कनेही रुग्णालयांचे हे कवच काढून घेतले. मॅसॅच्युसेट्सने १९७१ च्या कायद्याने ते मोडले खरे. मात्र धर्मादाय कार्यातून झालेल्या हानीच्या भरपाईला वीस हजार डॉलरची मर्यादा घातली.

आपल्याकडील वाट निराळी आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने एक समंजस तोड काढली होती: दावा अध्यक्ष वा सचिवांच्या नावे लागला, तरी हुकूमनाम्याची वसुली त्यांच्या घरादारातून नव्हे, तर संस्थेच्या मालमत्तेतून व्हावी. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने (आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो) हिशेब तपासणी सक्तीची केली आणि स्थावर मालमत्तेची विक्री धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून अवैध ठरवली. इमारतीचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टाही त्यातच मोडतो. विश्वस्तांनी सद्भावाने सही केली, एवढ्यावर असा करार टिकत नाही.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात ग्राहक संरक्षण कायद्याची रुग्णालयांपुरती सीमा आखली. जे रुग्णालय सर्वांनाच विनामूल्य सेवा देते, ते कायद्याबाहेर. परंतु काहींकडून शुल्क घेऊन काहींना फुकट पाहणारे रुग्णालय कायद्याच्या कक्षेत येते, आणि तेथील विनामूल्य रुग्णालाही दाद मागण्याचा हक्क मिळतो. गरीब रुग्णाला हलक्या प्रतीची काळजी चालेल, ही समजूत त्या निर्णयाने पुसून टाकली.

या साऱ्या इतिहासातून एकच सूत्र निघते. करार लेखी असणे, विमा वेळेवर भरणे, ठराव इतिवृत्तात नोंदणे ही कामे सेवाकार्याच्या आड येणारी कटकट नव्हेत. ज्याच्यासाठी संस्था स्थापन झाली, त्याच माणसाला तिच्या चुकीची किंमत मोजावी लागू नये, यासाठीची ती तजवीज आहे. न्यायाला वगळून केलेली दया अखेर दुबळ्याच्याच खांद्यावर भार टाकते.