परिसेविकेची नोंदवही

कलकत्त्याच्या वैद्यकीय इतिहासात सियालदहला मानाचे स्थान आहे. आजचे नीलरतन सरकार रुग्णालय, म्हणजे पूर्वीचे कॅम्पबेल, तेथलेच. याच शहरात गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये कारमायकेल महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. तरीही कोणताही गुन्हा न केलेले मनोरुग्ण पुढे कित्येक दशके बंगालच्या तुरुंगांत खितपत पडले होते. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ही प्रथा घटनाबाह्य ठरविली.

निकालाने तुरुंगाचे दार उघडले. परंतु रुग्णकक्षाचाच तुरुंग होऊ न देणे हे काम ज्येष्ठ परिचारिकेचे, म्हणजे परिसेविकेचे. रुग्णाने गोळी गिळली की जिभेखाली दडविली, कोण रात्रभर जागा होता, कोणी ताट परत पाठविले, हे ती पाहते, नोंदविते आणि पुढच्या पाळीच्या स्वाधीन करते. २०१७ च्या कायद्याने साखळदंड निषिद्ध केले. बांधून ठेवणे हा अखेरचा उपाय मानून त्यासाठी मनोविकारतज्ज्ञाची अनुमती आवश्यक केली. पण मध्यरात्री रुग्ण अनावर झाला असता ती अनुमती मागायची की त्याच्या शेजारी बसून बोलत राहायचे, हे प्रथम तिलाच ठरवावे लागते.

डॉक्टरांची नावे ग्रंथांत आली, न्यायाधीशांची निकालपत्रांत. परिसेविकेचे कार्य पाळीच्या नोंदवहीत राहिले. ती वाचल्यावाचून मनोरुग्णसेवेचा इतिहास अपुराच म्हणावा लागेल.